मूळचे कोण, उपरे कोण : इरावती कर्वे यांच्याविषयी

(तृतीय वर्ष कला, समाजशास्त्र)

इरावती ही ब्रह्मदेशातील, म्हणजे आजच्या म्यानमारमधील मोठी नदी. तिच्या काठी मिंगयान नावाचे गाव आहे. तेथे कापसाच्या कंपनीत नोकरीला असलेल्या गणेश हरी करमरकर या मराठी गृहस्थांच्या घरी १५ डिसेंबर १९०५ रोजी मुलगी झाली आणि तिला त्या नदीचेच नाव ठेवले गेले. गंगा, गोदा, कृष्णा ही नावे आपल्याकडे घरोघर आहेत. परमुलखातल्या नदीचे नाव मुलीला देणे हे मात्र पोटापाण्यासाठी दूर गेलेल्या घरातच होऊ शकते. पुढे मराठी वाचकांना हे नाव इतके आपले झाले, की ते बाहेरून आलेले आहे याची कुणाला आठवणही राहिली नाही.

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना इरावतीबाई भेटतात त्या अभ्यासक्रमातून. भारतातील नातेसंबंधांचे चार विभाग कोणते, हा प्रश्न परीक्षेला हमखास येतो, त्याचे गुण मिळतात आणि बाई वहीत मिटून जातात. मी त्यांच्याकडे पुन्हा वळलो तो वेगळ्या कारणाने. मी नवलाख उंबरे येथील. नाव ऐकून नव्या माणसाला वाटते, की नऊ लाख उंबरठ्यांचे गाव असेल. प्रत्यक्षात ते मावळ तालुक्यातील, तळेगाव दाभाड्यापासून जवळ असलेले शेतकऱ्यांचे गाव. आता शेजारी औद्योगिक वसाहत झाली आहे, शेतात चाळी उभ्या राहिल्या आहेत आणि त्या खोल्यांतून बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा आणि आपल्याच मराठवाडा-विदर्भातील मुले राहतात. त्यांच्याविषयी पारावर जे बोलले जाते, ते ऐकत मी मोठा झालो. हे लोक असेच, त्यांची जातच तशी, हे रक्तातच असते, असे ते बोलणे. भाडे वेळेवर आले तरी बोलणे तेच. रक्तात खरोखर काय असते, याचा शोध घेण्यात जिने उभे आयुष्य घालवले, अशा एका बाईचे चरित्र म्हणून मला इरावतीबाई वाचाव्याशा वाटल्या.

वयाच्या सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्याला पाठवण्यात आले. हुजूरपागेत त्यांची मैत्री शकुंतला परांजपे यांच्याशी झाली आणि रँग्लर परांजप्यांच्या घरी त्या घरच्या मुलीसारख्या राहिल्या. त्या घरात पुस्तके होती, वादविवाद होते, आणि देव मानलाच पाहिजे अशी सक्ती नव्हती. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या व मुंबईला प्रा. गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकू लागल्या. याच सुमारास महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

एम. ए. च्या प्रबंधाला त्यांनी विषय घेतला तो स्वतःच्याच जातीचा, चित्पावनांचा. हा विषय दिसतो तितका घरगुती नाही. सह्याद्रिखंडातील कथा अशी, की समुद्रातून वाहत आलेली चौदा प्रेते परशुरामाने चितेवर शुद्ध करून जिवंत केली आणि त्यांपासून ही जात झाली. कथेतला चमत्कार सोडून दिला तरी तिच्यात एक कबुली उरतेच : हे लोक कुठून तरी आले. आणि आलेल्यांकडे आधी असलेल्यांनी कसे पाहिले, तेही तिच्यात आहे, कारण मूळपुरुष प्रेते होती असे कोणी स्वतःहून स्वतःविषयी सांगत नाही. १७१३ मध्ये श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले, त्यानंतर कोकणातील ही कुटुंबे घाट चढून मोठ्या संख्येने पुण्याकडे आली. देशस्थ मंडळी त्यांना पंक्तीला घ्यायला कां-कू करीत. शंभर वर्षांत चित्र पार पालटले. राज्य हाती, विद्या हाती, आणि कालचे उपरे पुण्याचे मालक झाले. पुढच्या पिढ्यांना तर पुणे म्हणजेच आपण, असे वाटू लागले.

१९२८ साली इरावतीबाई जर्मनीला निघाल्या. सासरे महर्षी कर्वे. विधवांच्या आणि मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी आयुष्य वेचलेले. तरी सुनेच्या परदेशगमनाला त्यांची संमती नव्हती. (थोरांच्या चरित्रात अशी पाने असतात, ती वगळू नयेत.) दिनकररावांनी मात्र पत्नीची बाजू घेतली, डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले आणि बाई बर्लिनला पोचल्या.

तेथे त्या ज्या संस्थेत दाखल झाल्या, ती मानववंशशास्त्र, आनुवंश आणि सुप्रजाजनन यांच्या संशोधनासाठी नुकतीच, १९२७ मध्ये, निघालेली कैसर विल्हेल्म संस्था. तिचे प्रमुख ऑयगेन फिशर. हे गृहस्थ १९०८ साली जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेत, आजच्या नामिबियात, गेले होते आणि गोरे वडील व आफ्रिकी आई यांच्या वंशजांची मापे घेऊन त्यांनी ग्रंथ लिहिला होता. त्या देशात हेरेरो आणि नामा लोकांची जर्मन सैन्याने केलेली कत्तल ही त्या वेळी अगदी ताजी गोष्ट होती. जित्यांची मापे घ्यायची, मेलेल्यांच्या कवट्या पेटाऱ्यांत भरून बर्लिनला पाठवायच्या आणि मग त्या कवट्यांवरून कोणता वंश श्रेष्ठ ते ठरवायचे, अशी ही विद्या.

फिशर यांनी या हिंदी विद्यार्थिनीला विषय दिला : कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील फरक. त्यांचा कयास असा, की गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीत हा फरक अधिक असणार, आणि त्याचा संबंध त्याच्या अधिक बुद्धीशी असणार. इरावतीबाईंनी जवळजवळ दीडशे कवट्या तपासल्या. काही युरोपीय, काही वसाहतींतून आणलेल्या. दिवसामागून दिवस हातात कंपास आणि समोर कोण्या अनोळखी माणसाचे डोके. कल्पना करा, बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, भाषा परकी, थंडी परकी, पैसे बेताचे, आणि ज्यांच्या सहीने पदवी मिळायची त्या गुरूंना कोणते उत्तर हवे आहे ते पुरते ठाऊक. मोजणीचे उत्तर वेगळे आले. दोन बाजूंत फरक असतो, पण तो सगळ्याच माणसांत असतो; वंशाशी त्याचा संबंध लागत नाही. त्यांनी तेच लिहिले. पदवी मिळाली, श्रेणी मात्र बेताची.

फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९३७ साली ऱ्हाइनलँडमधील आफ्रिकी वंशाच्या जर्मन मुलांची सक्तीने नसबंदी करण्यात आली. कोणत्या मुलांवर ती करायची हे ठरवणाऱ्या तपासणीत या संस्थेतील माणसे होती. इरावतीबाई त्याआधीच, १९३०च्या सुमारास, मायदेशी परतल्या होत्या. त्यांच्या प्रबंधाने त्या काळच्या जर्मनीत काही अडले नाही, हे खरेच आहे. पण सोयीचे उत्तर कागदावर उतरवणे त्यांच्या हाताने झाले नाही, आणि पुढच्या सगळ्या कामाचा पाया मला तेथे दिसतो.

परत आल्यावर काही वर्षे त्यांनी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात कारभाराचे काम केले. त्यात त्यांचे मन रमले असेल असे वाटत नाही. १९३९ साली डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले आणि त्या तेथे समाजशास्त्र विभागात आल्या, त्या अखेरपर्यंत. पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणून त्यांची गोष्ट अजून सांगतात. कुंकू नाही, मंगळसूत्र नाही, नवऱ्याला नावाने हाक मारायची. पण ही पुण्यातली चर्चा झाली. त्यांचे खरे आयुष्य गेले ते प्रवासात. एसटीने, रेल्वेने, चालत, भिल्लांच्या पाड्यांपासून दक्षिणेतल्या खेड्यांपर्यंत त्या फिरल्या. माणसांची मापे घेतली, रक्त तपासले, वंशावळी लिहून घेतल्या, आणि कुणी कुणाकडे जेवते, कुणाची मुलगी कुणाला देतात, हे विचारीत राहिल्या.

या फिरण्यातून त्यांना जे सापडले, ते सांगायला कुंभाराचे उदाहरण बरे. कुंभार म्हटले की एक जात असे आपण धरून चालतो. महाराष्ट्रात कुंभारांत अनेक गट आहेत. काही थोरचाके, म्हणजे मोठ्या चाकावर काम करणारे, काही लहानचाके. एकमेकांत लग्ने नाहीत. पंडितांची जुनी समजूत अशी, की आधी एक कुंभार जात होती आणि ती फुटत फुटत तिच्या पोटजाती झाल्या. इरावतीबाईंनी उलटे विचारले. हे गट कधी एक होते याला पुरावा काय? चाक वेगळे, घडवण्याची रीत वेगळी, देव वेगळे, अंगाची मापेही जुळत नाहीत. मग असे का म्हणू नये, की निरनिराळ्या काळी निरनिराळ्या दिशांनी आलेले हे वेगळेच लोक आहेत, धंदा एक म्हणून गावाने त्यांना एक नाव दिले, आणि ते शेजारी शेजारी राहूनही वेगळे राहिले? ब्राह्मणांविषयीही त्यांनी हेच म्हटले. महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण गटांची तुलना त्यांनी कैलाश मल्होत्रा यांच्याबरोबर केली, ती १९६८ साली प्रसिद्ध झाली. दर्जा एक, नाव एक. पण सगळे एका मुळाचे नाहीत. १९६१च्या ‘हिंदू सोसायटी’ या इंग्रजी ग्रंथात त्यांनी हा विचार सविस्तर मांडला आहे.

आता हा विचार आपल्या मावळात आणून पाहू. मावळ म्हणजे कोकण आणि देश यांमधली वाट. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर देणगीदारांची नावे कोरली आहेत. त्यांत धेनुकाकट येथील यवनही आहेत, म्हणजे ज्यांना त्या काळचे लोक यवन म्हणत ते. दोन हजार वर्षांपूर्वी परका म्हणून ओळखला जाणारा माणूस आमच्या डोंगरात बौद्ध लेण्याला खांब देत होता. त्यांचे पुढे काय झाले? गेले कुठे? बहुधा गेलेच नाहीत. आजच्या कोणत्या आडनावात ते मिसळले असतील हे कुणी सांगू शकणार नाही. शेजारी एकवीरेला दर चैत्रात कोकणातले कोळी घाट चढून येतात. देवी आमच्या डोंगरावर, कुळ त्यांचे.

आमच्या गावात मूळचे कोण, असे विचारले तर प्रत्येक जमीनवाला स्वतःकडे बोट दाखवील. पण गावगाड्याच्या जुन्या रीतीत शिवेचा तंटा झाला की साक्ष कुणाची धरीत? महाराची. शीव कुठून जाते ते त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. महारवाडा नाही असे गाव नाही, ही म्हण सर्वत्र आहे, आणि महार हे या भूमीचे फार जुने रहिवासी असावेत, असे इरावतीबाईंचे मत होते. जो सगळ्यांत जुना, ज्याला गावाची हद्द सगळ्यांत पक्की माहीत, त्याचे घर मात्र हद्दीच्या काठावर! उलट सर्वांत शेवटी घाट चढून आलेले पुण्यात सर्वांत वर जाऊन बसले. तेव्हा आधी आला तो वरचा आणि मागून आला तो खालचा, हा हिशेब आपल्याच इतिहासात कुठे जुळत नाही. जमीन कुणाकडे, शस्त्र कुणाकडे, लेखणी कुणाकडे, यावरून वर-खाली ठरले. आगमनाच्या कथा मागाहून जोडल्या गेल्या. त्या दोन्ही बाजूंनी वापरता येतात : आम्ही मूळचे म्हणून आमचा हक्क, किंवा आम्ही जिंकून आलो म्हणून आमचा हक्क.

आणि आम्ही मावळकर तरी एका जागी कुठे बसलो? तळेगावच्या दाभाडे सरदारांच्या फौजा गुजरातेत गेल्या, चौथ वसूल करून आल्या. गुजरातच्या गावांना त्या कशा वाटल्या असतील हे वेगळे सांगायला नको. पुढे तलवार गेली आणि मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरची माणसे मुंबईला डबे पोचवायला, माथ्यावर ओझी वाहायला, गिरणीत साचे चालवायला गेली. डबेवाल्यांचा धंदा १८९०चा धरतात. माझे आजोबा गिरणीत होते. १९८२चा संप झाला आणि वळकटी घेऊन परत आले. मुंबईत त्यांना ‘घाटी’ म्हणत. घाटावरचा तो घाटी, शब्दात वाईट काही नाही; पण म्हणणाऱ्याच्या तोंडात अडाणी, गबाळा, एका खोलीत वीस जण राहणारा, असा सगळा अर्थ असे. आजोबा हे फारसे सांगत नसत. आजी सांगायची. आज आमच्या चाळीतल्या खोलीत आठ जण राहतात म्हणून नाक मुरडले जाते, तेव्हा तेच वाक्य फक्त दुसऱ्या स्टेशनावर उतरले आहे असे मला वाटते. बिहारीच कशाला, बीड-लातूरच्या मुलालाही खोली देताना गाव आधी विचारतात आणि मग आडनाव.

इरावतीबाईंचे सगळेच मला पटते असे नाही. ज्या हातांनी कवट्या मोजून वंशश्रेष्ठत्वाचा दावा खोटा ठरवला, त्याच हातांनी पुढे चाळीस वर्षे त्या नाक-डोके मोजत राहिल्या. विद्या बर्लिनची, प्रश्न मात्र स्वतःचे, असे त्याचे समर्थन करता येईल. तरी मापांवर त्यांचा विश्वास जरा जास्तच होता. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांनी नाकाच्या रुंदीवरून जातीची पायरी ठरवली होती, आणि बाईंचे गुरू घुर्ये यांनीच ते मत बहुतांशी खोडून काढले होते. दुसरे असे, की त्यांच्या चित्रात जाती शेजारी शेजारी नांदतात, एकमेकींना सांभाळून घेतात. त्या शेजारात मेलेले ढोर कुणी ओढायचे आणि पाणवठ्यावर कुणी थांबायचे, हा भाग त्या सांगतात, पण त्याचा दाह तेथे पोचत नाही.

तो पोचतो डॉ. आंबेडकरांकडे. १९१६ साली, वयाच्या पंचविशीत, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी मांडले होते, की या देशात वंश केव्हाच एकमेकांत मिसळले आहेत. जात वंशामुळे होत नाही, बाहेर लग्नाला बंदी केल्यामुळे होते, आणि ही बंदी बाईच्या आयुष्यावर राखली जाते. तळेगाव दाभाड्याला बाबासाहेबांचे घर होते, आणि १९५४च्या डिसेंबरात देहूरोडला त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. एवढा मोठा विचार करणारा माणूस आमच्या गावापासून चार हाकांवर वावरला, आणि आमच्या पारावर अजून रक्ताच्या गोष्टी चालतात! २०१३ साली हैदराबाद आणि हार्वर्ड येथील शास्त्रज्ञांनी जनुकांवरून दाखवले, की सुमारे चार हजार ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील बहुतेक सगळे गट एकमेकांत मिसळले आणि त्यानंतर दारे लावून घेतली गेली. जवळजवळ शंभर वर्षांनी प्रयोगशाळा त्या निबंधाच्या दाराशी आली, असे म्हणायला हरकत नाही.

इरावतीबाईंच्या ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि महाभारतावर लिहिणारी लेखिका म्हणून त्या घराघरांत पोचल्या. मला मात्र त्यांचा वारीवरचा ‘वाटचाल’ हा लेख अधिक मोठा वाटतो. ज्ञानोबांच्या पालखीबरोबर त्या पंढरपूरला चालत गेल्या. वाटेत अभंग एक, धूळ एक, पाय सगळ्यांचेच सुजलेले. मुक्कामाला आल्यावर मात्र ब्राह्मण बायकांची चूल वेगळी आणि मराठा बायकांची वेगळी. दोन्हींकडे त्यांची जा-ये होती. मराठा बायकांच्या पंक्तीला त्या जेवल्या आणि त्या बायका त्यांच्याशी मोकळ्या झाल्या. हजारो माणसे मोजून जे कळायचे ते एका भाकरीने कळले, आणि बाईंनी ते कोणताही आव न आणता लिहून ठेवले.

शेवटच्या वर्षांत त्यांनी घेतलेले एक काम कोयनेचे होते. धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी त्यांनी कन्या जाई निंबकर यांच्याबरोबर केली आणि ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. कोण कुठे गेले, कुणाला जमीन मिळाली, कुणाला नाही, नव्या गावात त्यांचे कसे चालले आहे, हे घरोघर जाऊन विचारलेले. आयुष्यभर त्यांनी हजारो वर्षांपूर्वीच्या स्थलांतरांचा माग काढला होता. येथे ते डोळ्यांसमोर घडत होते. डोंगरातला शेतकरी पाण्याखाली गेलेल्या गावाचे नाव घेऊन दुसऱ्याच्या शिवारात येतो आणि तेथले लोक त्याला एक नवे नाव देतात : धरणग्रस्त. त्याच्या मुलाचे लग्न ठरतानाही ते नाव निघते.

११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात इरावतीबाईंचे निधन झाले. त्या वेळी आमच्या तालुक्यात पवना नदीवर धरण बांधले जात होते, आणि त्या खोऱ्यातील माणसांनाही तेच नाव मिळू लागले होते.